थेरपिस्ट एकीकडे, कोच दुसरीकडे आणि मधे निरोप्या आपण

मोठेपणी एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं आवरणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण) किंवा ऑटिझमचं (लोकांशी संवाद, आवाज-उजेड यांचा अनुभव वेगळा असणारी ठेवण) निदान झालं की पहिल्या काही दिवसांतच हमखास पडणारा प्रश्न म्हणजे आता थेरपिस्टकडे जायचं की कोचकडे, म्हणजे रोजची अडलेली कामं मार्गी लावायला मदत करणाऱ्याकडे. बरेचदा उत्तर "दोन्हीकडे" असं येतं, लोक जातातही, पैसेही दोन्हीकडे भरतात, पण ते दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. मग होतं काय, की सोमवारी थेरपिस्टने जे सांगितलं ते गुरुवारी कोचला सांगायचं काम आपल्या गळ्यात येतं, आणि निरोप लक्षात ठेवून, नीट क्रमाने, वेळेवर पोचवणं हे तर नेमकं आपल्याला न जमणारं काम. ज्याचा पाय मोडलाय त्यालाच एक्स-रेचं पाकीट घेऊन दोन हॉस्पिटलांच्या मधे पळवावं तसं आहे हे.

मी स्वतः एडीएचडीवाला, त्यामुळे हा लेख तटस्थ वगैरे नाहीये. पण थेरपिस्ट आणि कोच नक्की काय करतात, त्यांची कामं कुठे एकमेकांत मिसळतात, आणि त्यांना एकत्र कसं आणायचं हे शक्य तितकं सोपं करून लिहितोय.

आधी एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बोलता येईल. समजा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत काम करणारी एक बाई आहे, पस्तिशीची, एडीएचडीचं निदान गेल्या वर्षी झालंय, ऑटिझमची असेसमेंट चालू आहे. ऑफिसात अप्रेझलचा फॉर्म भरायचाय, स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच लिहायचं असतं तो. तीन आठवडे झाले, भरलेला नाही. वर्षभर काम चांगलं केलंय, फॉर्म जेमतेम दीड पानाचा आहे, मॅनेजर आठवण करून करून थकलाय. बाहेरून बघणारा म्हणणार, आळस, दुसरं काय.

पण याच्यामागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे सुरुवात कुठून करायची हेच दिसत नाहीये, वर्षभराचं काम मेलमध्ये, चॅटमध्ये, डोक्यात विखुरलंय, आणि "शुक्रवारपर्यंत" म्हणजे तिच्या मेंदूला "कधीतरी" वाटतं, गुरुवार रात्र उजाडेपर्यंत शुक्रवार खरा होतच नाही. याला एक्झिक्युटिव्ह फंक्शनची अडचण म्हणतात, म्हणजे ठरवणं, सुरू करणं, क्रम लावणं, वेळेचा अंदाज घेणं ही जी मेंदूची मॅनेजरगिरी असते ती धड चालत नाही. दुसरी शक्यता, फॉर्म उघडला की पोटात गोळा येतो, कारण गेल्या वर्षी कोणीतरी चारचौघांत काहीतरी बोललं होतं, आणि त्याच्याही मागे शाळेच्या प्रगतीपुस्तकातला तो शेरा आहे, "हुशार आहे पण लक्ष देत नाही", दरवर्षी, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात. तिसरी, प्रश्नच कळलेला नाही. "तुमच्या कामाचा प्रभाव सांगा" म्हणजे नेमकं काय सांगा, किती ओळी, आकडे की गोष्टी, आणि स्वतःचं कौतुक करायचं म्हणजे खोटं बोलायचं का, असे प्रश्न ऑटिस्टिक माणसाला खरोखरच पडतात, त्यात नाटक नसतं. आणि चौथी, ती पार संपलेली आहे, हल्ली अंघोळसुद्धा दोन-तीन दिवसाआड होतेय, झोप उडालीय, फॉर्म हा फक्त दिसणारा भाग आहे.

पहिल्या अडचणीत कोच सगळ्यात उपयोगी. दुसरीत थेरपिस्ट. तिसरीत दोघंही, शिवाय ऑफिसात सरळ उत्तर देणारं कोणीतरी. चौथीत आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा थेरपिस्ट, कोचने तूर्तास मागे राहायचं. आणि गंमत म्हणजे एकाच माणसात या चारातल्या तीन गोष्टी एकाच वेळी असणं हेच जास्त कॉमन आहे. म्हणून "थेरपी म्हणजे भूतकाळ, कोचिंग म्हणजे भविष्यकाळ" हे जे इन्स्टाग्रामवर छान पोस्टर करून फिरतं ना, ते ऐकायला बरं आहे पण कामाला अर्धवटच येतं.

कोण कोण असतात

आपल्याकडे या क्षेत्रात पाट्या इतक्या वेगवेगळ्या की माणूस गोंधळणारच. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, निदान करतो, औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याने ही व्यवस्था आली, आणि हे लोक टेस्टिंग, असेसमेंट, थेरपी करतात. काउन्सेलर, सायकोथेरपिस्ट या पाट्यांखाली एमए झालेले, पुढे वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेतलेले उत्तम लोकही असतात आणि चार वीकेंडचा कोर्स केलेलेही असतात. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक असे बरेच व्यवसाय घेतलेत, तरी आपणच शिक्षण विचारून घेतलेलं बरं. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगला थेरपिस्ट उलट खूश होतो.

कोचची गोष्ट वेगळी. भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलंही लायसन्स लागत नाही, आज रात्री बायो बदलला की उद्या सकाळी कोच. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयसीएफ नावाची संस्था आहे, १९९५ पासूनची, ती सर्टिफिकेट देते, त्यातल्या पहिल्या पायरीला म्हणजे एसीसीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पण यात एडीएचडी किंवा ऑटिझम शिकवलंच असेल असं काही नाही, ते वेगळं शिकावं लागतं. एडीएचडी कोचिंग हा प्रकार अमेरिकेत १९९० च्या दशकात रुजला, तिथे त्याच्या स्वतंत्र संघटना आहेत, आपल्याकडचे बरेच कोच तिथलेच ऑनलाइन कोर्स करून आलेले असतात. म्हणून कोचला दोन प्रश्न सरळ विचारा, न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे एडीएचडी, ऑटिझम असलेल्या लोकांबरोबर काम करायचं नेमकं शिक्षण कुठून घेतलं, आणि क्लायंटची तब्येत तुमच्या आवाक्याबाहेर गेली तर तुम्ही काय करता. दुसऱ्या प्रश्नावर "असं कधी होत नाही" म्हणाला तर नमस्कार करून फोन ठेवा.

पुराव्याचं म्हणाल तर दोन्हीकडची परिस्थिती सारखी नाही. प्रौढांच्या एडीएचडीसाठी सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक यांच्यावर एकत्र काम करणारी थेरपी चालते याचे चांगले अभ्यास आहेत. २०१० साली अमेरिकेत ८६ जणांवर झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, सगळे आधीपासून औषधावर होते तरी त्रास शिल्लक होता, अर्ध्यांना सीबीटी दिली, अर्ध्यांना रिलॅक्सेशन आणि माहिती, आणि सीबीटीवाल्यांना जास्त फरक पडला. आता मजा बघा, त्या सीबीटीत काय होतं? कॅलेंडर आणि टास्क लिस्ट वापरणं, मोठ्या कामाचे तुकडे करणं, लक्ष उडालं तर काय करायचं ते आधी ठरवणं, आणि मग डोक्यात येणाऱ्या "माझ्याच्याने होणार नाही" छापाच्या विचारांवर काम. यातलं निम्मं तर कोच करतो तेच आहे! कोचिंगवर मात्र अभ्यास कमी आहेत, लहान आहेत, आणि बरेचसे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झालेत. याचा अर्थ कोचिंग फालतू आहे असा नाही. माझ्या मते चांगला कोच आठवड्याच्या मधल्या दिवसांत जे करतो, म्हणजे बुधवारी सकाळी दोन ओळींचा मेसेज टाकून "उघडलास का फॉर्म" विचारणं, किंवा व्हिडिओ कॉल लावून गप्प आपापलं काम करत बसणं, ज्याला बॉडी डबलिंग म्हणतात, ते तासाभराच्या थेरपीत बसणारच नाही. पण "सायंटिफिकली प्रूव्हन कोचिंग" असं कोणी विकत असेल तर जरा सावध.

एकमेकांशी न बोलल्याने नेमकं काय बिघडतं

थेरपिस्ट आणि कोच एकाच माणसाला दोन खिडक्यांतून बघत असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला अख्खं घर दिसतंय.

आपल्या उदाहरणातली बाई थेरपीच्या सेशनला लागोपाठ उशिरा गेली. थेरपिस्टने विचार केला, काहीतरी टाळतेय, मागच्या वेळी आपण आईचा विषय काढला तो झेपला नसेल. हा विचार चुकीचा असेलच असं नाही. पण कोचला माहितीये की ती प्रत्येक ठिकाणीच उशिरा जाते, कारण घरातून निघायला तिला जो वेळ लागतो तो ती धरतच नाही, किल्ली शोधणं, लिफ्ट, पार्किंग यांचा हिशोब तिच्या डोक्यात शून्य मिनिटं असतो. थेरपिस्टला हे एका वाक्यात कळलं असतं तर पुढची तीन सेशन्स "तुम्ही मला टाळताय का" यात गेली नसती.

उलटंही होतं, आणि माझ्या मते जास्त होतं. कोच बघतोय की फॉर्म भरला जात नाहीये, म्हणून तो सिस्टिम बदलतो. हे अ‍ॅप नको ते वापरू, मग टायमर, मग भिंतीवर व्हाइटबोर्ड, मग रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येक नवी सिस्टिम आठवडाभर झकास चालते, नवेपणाचं एडीएचडी मेंदूला आकर्षणच असतं, आणि मग पडते. प्रत्येक वेळी तिच्या खात्यात अजून एक अपयश जमा. थेरपिस्टला माहितीये की मुळात "माझं काम कोणीतरी तपासणार" या कल्पनेनेच ती गोठते. ही माहिती कोचकडे असती तर त्याने अ‍ॅप बदललं नसतं, पहिल्या आठवड्यात फक्त फाइल उघडून बंद करायची, एवढंच ठेवलं असतं.

होमवर्कचा घोळ तर विचारूच नका. थेरपिस्ट म्हणतो रोज विचारांची नोंद करा, कोच म्हणतो सकाळी दहा मिनिटं प्लॅनिंग करा, सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणतो झोपेची डायरी ठेवा, त्यात कोणी सांगितलेलं ध्यान आणि चालणं. प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्त आहे पण बेरीज कोणी केलीये का? अशा माणसाला एका आठवड्यात एकच नवीन गोष्ट झेपते, दुसरी आली की दोन्ही पडतात. म्हणून थेरपिस्ट-कोच जोडीचा पहिला नियम मी तरी हाच करेन, की होमवर्क एकत्र मोजायचं. या आठवड्यात थेरपीचं असेल तर कोच नवीन काही देणार नाही, जे थेरपीत दिलंय ते करायला जागा आणि वेळ काढून देणं हेच त्याचं काम.

आता ऑटिझमच्या बाजूचं थोडं. इथे दोघांमधला फरक कधी कधी थेट भांडणासारखा होतो. कोच उत्साहाने म्हणतो, टीम लंचला जा, लोकांशी ओळखी वाढव, प्रमोशनसाठी लागतं. थेरपिस्टला दिसतंय की ही बाई दिवसभर ऑफिसात इतरांसारखं दिसायचा प्रयत्न करून, नजरेला नजर देऊन, ठरवून हसून, ज्याला मास्किंग म्हणतात ते करून करून रिकामी झालीय. ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात त्याला, २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात ऑटिस्टिक लोकांनी स्वतःच सांगितलेलं वर्णन आहे त्याचं, महिनोन्महिने टिकणारा थकवा, आधी जमणाऱ्या गोष्टी न जमणं, आवाज-उजेड सहन न होणं. अशा माणसाला अजून बाहेर ढकललं तर काय होणार? पण थेरपिस्टही चुकतात हां. सीबीटीमधला नेहमीचा प्रश्न असतो, "लोक मला हसतात हा विचार खरा आहे याला पुरावा काय?" आणि ऑटिस्टिक माणसाकडे पुरावा असतो! शाळेत, कॉलेजात, ऑफिसच्या कँटीनमध्ये लोक खरंच हसलेले असतात. तो विचार वाकडा नाहीये, अनुभव आहे. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते, ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसेच इतरांनाही तो कळत नाही. हे थेरपिस्ट आणि कोच दोघांनी एकदा मान्य केलं की "तिला सोशल स्किल्स शिकवा" इथून गाडी "तिला कुठे किती जायचंय ते ठरवू" इथे येते.

अजून एक गोष्ट, जी मला फार कामाची वाटते. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना "कसं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येत नाही, भावना असते पण तिला नाव सापडत नाही. थेरपीत मग शांतता. पण कोचकडे आठवड्याचा लॉग असतो, मंगळवारी दुपारी चारला काम थांबलं, त्याआधी ओपन ऑफिसात दोन तासांची मीटिंग होती, गुरुवारीही तसंच. एवढी नोंद क्लायंटच्या परवानगीने थेरपिस्टकडे गेली की बोलायला काहीतरी ठोस मिळतं, "कसं वाटलं" ऐवजी "त्या मीटिंगनंतर शरीरात काय होत होतं" असं विचारता येतं.

मग एकत्र काम करायचं कसं

सुरुवात परवानगीने. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ खाली रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, म्हणजे थेरपिस्ट आपणहून कोचला फोन करून तुमच्याबद्दल बोलू शकत नाही, बोलूही नये. कोच त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारा मेंटल हेल्थ प्रोफेशनल नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर गोपनीयतेचं जे काही ठरेल ते लेखी करारात असायला हवं. परवानगीही "हो हो, बोला तुम्ही" अशी तोंडी नको, अर्ध्या पानाची लेखी हवी, त्यात काय सांगायचं, काय अजिबात सांगायचं नाही, किती महिन्यांसाठी, आणि मी कधीही मागे घेऊ शकते हे स्पष्ट. आपल्या बाईच्या बाबतीत उदाहरणार्थ, झोप, औषधाच्या वेळा, कामाची उद्दिष्टं, कुठल्या विषयाने ती गोठते, एवढं कोचला कळलं तर चालेल. नवऱ्याशी काय चाललंय, लहानपणी काय झालं, हे कळायची कोचला काडीची गरज नाही.

मग एक तिघांची मीटिंग, अर्धा तास पुरे, क्लायंट समोर असताना. हे महत्त्वाचं, कारण आपल्याबद्दल दोन तज्ज्ञ पाठीमागे बोलतायत ही भावना, शाळेत पालकसभेच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या पोरांना चांगली ओळखीची असते. या मीटिंगमध्ये ठरवायचं ते एवढंच की येत्या तीन महिन्यांत मुख्य अडचण कोणती धरायची, कोण काय करणार, आणि शब्द कोणते वापरायचे. शब्दांचं हसण्यावारी नेऊ नका. कोच "डेडलाइन" म्हणतो आणि थेरपिस्टने सांगितलेलं असतं की डेडलाइन ऐकली की हिचं डोकं बंद होतं, तर दोघांनी मिळून "चेक-इनचा दिवस" म्हणावं, संपला विषय.

त्यानंतर महिन्याला एक छोटा मेल, ज्यात क्लायंट कॉपीत असणारच. पाच-सहा ओळी, काय चाललं, काय पडलं, दुसऱ्याने काय लक्षात ठेवावं. तिघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा मोह होतो, मी म्हणेन नको, तिथे रात्री अकराला मेसेज येतात, कोण उत्तर देणार हे कळत नाही, आणि आठवड्यात त्याचा फॅमिली ग्रुप होतो. मेल बरा, नंतर शोधता येतो.

पैशाचं पण बोलू, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक हे सगळं खिशातून भरतात. मेल लिहायला, मीटिंगला थेरपिस्टचा वेळ जातो आणि तो त्याने फुकट द्यावा ही अपेक्षा बरोबर नाही. आधीच विचारा याचे पैसे घ्याल का, किती. बरेच जण तिघांच्या मीटिंगचं अर्धं सेशन धरतात. ते परवडत नसेल तर एक जुगाड आहे, थेरपीच्या शेवटच्या पाच मिनिटांत थेरपिस्टबरोबर बसूनच कोचसाठी तीन ओळी लिहायच्या आणि तिथल्या तिथे पाठवायच्या, घरी जाऊन पाठवीन म्हटलं की संपलं, तुम्हालाही माहितीये.

रेषा कुठे

काही ठिकाणी कोचने थांबायलाच हवं. आत्महत्येचा विचार, पॅनिक अटॅक, जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येणं, दारू किंवा इतर नशा हाताबाहेर जाणं, घरात मारहाण. एडीएचडी आणि ऑटिझम दोन्हींमध्ये आत्महत्येच्या विचारांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे हे "माझ्या क्लायंटच्या बाबतीत होणार नाही" असं धरून चालताच येत नाही. पहिल्या मीटिंगमध्येच ठरवून लिहून ठेवायचं, असं काही कानावर आलं तर कोच कोणाला फोन करणार, थेरपिस्टचा नंबर कोणता, तो नाही लागला तर घरातलं कोण. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर कोचच्या फोनमध्ये सेव्ह असलाच पाहिजे, आणि आपल्याही.

औषधाबद्दल कोचने मत देऊ नये, "अरे गोळ्यांशिवाय पण होतं" हे तर अजिबात नको. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याच्या यादीत आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, डोस कमीजास्त करणं सर्वस्वी सायकिअ‍ॅट्रिस्टचं काम. पण निरीक्षण कोचने जरूर द्यावं. "दुपारी तीननंतर तिच्याकडून काही होत नाही, सकाळी मात्र छान चालतं" ही नोंद सायकिअ‍ॅट्रिस्टला सोन्यासारखी असते, कारण ओपीडीत दहा मिनिटांत "कसं चाललंय" ला आपण "बरंय" म्हणून मोकळे होतो.

आणि थेरपिस्टने कुठे थांबायचं? तासातली पंचवीस मिनिटं जर दर आठवड्याला टू-डू लिस्ट सरळ करण्यात जात असतील तर ते काम कोचकडे द्यावं. काही थेरपिस्टना दोन्ही छान येतं, दोन्ही करतात, त्यात वाईट काही नाही, फक्त आज आपण काय करतोय हे सेशनच्या सुरुवातीला सांगावं. नाहीतर मन मोकळं करायला आलेल्या माणसाला "मग कॅलेंडरमध्ये टाकलंत का?" असं ऐकायला मिळतं.

निदानानंतरचे पहिले काही महिने ही एक खास वेळ असते. डीएसएम-५ हे अमेरिकेतलं निदानाचं पुस्तक २०१३ मध्ये आलं, त्यात पहिल्यांदा एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही एकाच माणसाला असू शकतात हे मान्य झालं, तोवर एक असेल तर दुसरं लावायचंच नाही असा नियम होता. मोठ्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली, आणि लक्षणं सात वर्षांच्या आधी दिसली पाहिजेत ही अट बारापर्यंत नेली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत निदान होणारे, त्यात बायका बऱ्याच, हे लोक लहानपणी नजरेतून सुटलेलेच होते. निदान झालं की आधी हायसं वाटतं आणि मग राग येतो, दहावीत कळलं असतं तर, लग्नाआधी कळलं असतं तर. या काळात कोच नवा कोरा प्लॅनर घेऊन आला तर तो प्लॅनर कपाटात जाणार. आधी थेरपिस्टला जागा द्यावी, कोचने महिन्यातून एकदा भेटावं, जेवण-झोप-बिलं एवढंच सांभाळावं, आणि थेरपिस्टने "आता चालेल" म्हटल्यावर वेग वाढवावा.

घरचे आणि ऑफिसवाले

आपल्याकडे अजून एक पार्टी असते, ती म्हणजे घर. आई कोचला परस्पर फोन करते, "अहो, तिला जरा समजवा ना, तुमचं ऐकते ती". चाळिशीच्या माणसाबद्दलसुद्धा! कोचने नम्रपणे सांगायचं, काकू, तिच्याशी बोलल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. आणि तो फोन आला होता हे क्लायंटला सांगायचं, लपवायचं नाही. नवरा किंवा बायको तर वर्षानुवर्षं बिनपगारी कोचच असतात, आठवण करणं, शोधून देणं, सारवासारव करणं, आणि त्याचा संताप साठलेला असतो. इथे कामाची वाटणी छान होते, आठवण करायचं काम कोच त्यांच्याकडून काढून घेतो, साठलेल्या रागाचं काम थेरपिस्ट बघतो, गरज पडली तर दोघांना एकत्र बसवून.

ऑफिसचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी म्हणजे एसएलडी आहे, पण एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्याच कायद्यात कंपन्यांनी समान संधी धोरण जाहीर करावं असंही आहे, ते आपल्या कंपनीचं काय म्हणतं हे आधी वाचून घ्यावं. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्ट पत्र देतो, काय मागायचं ते कोच बरोबर बसून ठरवतो, कोपऱ्यातली जागा, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी, अप्रेझलच्या प्रश्नांचा एखादा भरलेला नमुना, असं नेमकं. एचआरला सांगायचं की नाही हे मात्र ती बाईच ठरवणार, त्यात दोघांनी पडू नये, सांगण्याचे परिणाम तिलाच भोगायचेत. ब्रिटनमध्ये नोकरी करणारे मराठी लोक वाचत असतील तर तिथे अ‍ॅक्सेस टू वर्क ही सरकारी योजना आहे, त्यातून नोकरीतल्या कोचिंगसाठीही पैसे मिळू शकतात, जरूर चौकशी करा.

दोघं परवडत नसतील तर? मूड ढासळलेला असेल, झोप गेलेली असेल, जीव नकोसा होत असेल तर कोच नंतर, आधी थेरपिस्ट किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी, तिथे खर्च फार कमी येतो. तब्येत स्थिर आहे, पण तीच चार कामं वर्षभर अडलीयेत, तर काही महिने कोच घ्या आणि थेरपी महिन्यातून एकदा ठेवा. पूर्ण बंद करण्यापेक्षा बारीक चालू असलेली बरी, कारण कोचिंग चालू झालं की दबलेलं बरंच काही वर येतं, कामं होऊ लागली की "मग इतकी वर्षं का नाही झाली" हा प्रश्न येतोच.

आणि एक, शेवटाचंही आधी ठरवा. कोचिंग साधारण ठरावीक महिन्यांचं असतं, थेरपी बरेचदा लांबते, पण कधी कधी दोन्ही नेमकी एकाच महिन्यात संपतात, मार्चमध्ये बजेट संपलं म्हणून किंवा सुट्ट्या आल्या म्हणून, आणि एकदम दोन्ही आधार गेले की मे महिन्यात सगळं पुन्हा पसरलेलं असतं. आधी कोच दर आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर, तोवर थेरपी आहे तशी. कोच थांबल्यानंतर दोन-तीन महिने सिस्टिम आपली आपण चालतेय का ते थेरपिस्टने बघायचं, त्यासाठी कोचने जाताना एक पान लिहून द्यायचं, काय चालतं, काय अजिबात चालत नाही, आणि गाडी घसरायला लागली की पहिली खूण कोणती. आपल्या बाईच्या पानावर बहुधा असेल, "मेल न वाचता अनरीड मार्क करायला लागली की समजा".